रक्षकाच्या हातची काठी : किल्केनीची हर्ली नाशिकच्या मैदानावर

आयर्लंडच्या किल्केनी काउंटीतील एका लहान कारखान्यातून मागवलेली, ॲश झाडाच्या लाकडाची 35 इंची हर्ली आणि तिच्यासोबतचे स्लिटर, म्हणजे हर्लिंग या खेळाची काठी आणि चेंडू, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून आमच्या वापरात आहेत. काठी अव्वल दर्जाची आहे, नाशिकला पोहोचेपर्यंत ती बरीच महाग पडते आणि इथल्या मुरमाड मैदानांवर तिची निगा राखावी लागते, असा माझा अभिप्राय आहे. मात्र क्रीडासाहित्याचे परीक्षण नुसते वजन, लांबी आणि किंमत सांगून पुरे होत नाही. ते साहित्य ज्याच्या हातात सर्वाधिक शोभले त्याने त्याच्याकडून काय करवून घेतले, हे ठाऊक असल्याखेरीज ते चांगले की सुमार हे ठरवायचे कशावरून? ही हर्ली मी मागवली ती जे. जे. डिलेनी या किल्केनीच्या रक्षकाचा खेळ पाहून, आणि तिला जी कसोटी लावली तीही त्याच्याच खेळातून घेतलेली आहे. गुण मिळवायला ही काठी कशी आहे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ती अडवायला कशी आहे हे पाहायचे होते.

हर्लिंग आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, म्हणून जरुरीपुरती ओळख करून देतो. पंधरा-पंधरा खेळाडूंचे दोन संघ, हॉकीच्या मैदानाहून कितीतरी मोठे, 130 ते 145 मीटर लांबीचे गवती मैदान, आणि इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे गोलखांब. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर एक गुण. चेंडू जमिनीवरून थेट हाताने उचलता येत नाही, तो काठीने वर घ्यावा लागतो. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही. मात्र काठीच्या रुंद टोकावर तोलून हवे तितके पळता येते. हवेतला चेंडू हवेतच मारता येतो आणि मुरलेल्या खेळाडूचा फटका ताशी 150 किलोमीटरच्या पुढे जातो. वरिष्ठ आंतरकाउंटी सामना 70 मिनिटांचा असतो. हे खेळाडू मानधनावर खेळत नाहीत. आठवडाभर नोकरी-धंदा सांभाळून रविवारी ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर उतरतात. 1884 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने ही हौशी परंपरा आजतागायत जपली आहे, आणि 2018 मध्ये युनेस्कोने या खेळाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

डिलेनी किल्केनी काउंटीतल्या जॉन्स्टाउन गावचा, तिथल्या फेनियन्स क्लबचा. जन्म 1982 चा. 2001 मध्ये तो काउंटीच्या वरिष्ठ संघात आला आणि 2014 च्या अखेरीस, बत्तिसाव्या वर्षी, निवृत्त झाला. या मधल्या काळात ब्रायन कोडी यांच्या मार्गदर्शनाखाली किल्केनीने जो दबदबा निर्माण केला त्याला हर्लिंगच्या इतिहासात फारशी तोड नाही. डिलेनीच्या नावावर अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची नऊ पदके आहेत : 2002, 2003, 2006, 2007, 2008, 2009, 2011, 2012 आणि 2014. वर्षातील सर्वोत्तम पंधरा खेळाडूंना मिळणारा ऑल स्टार पुरस्कार त्याला सात वेळा मिळाला. 2003 मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो वर्षातला सर्वोत्तम हर्लिंगपटू ठरला. त्या वर्षी अंतिम सामन्यात किल्केनीने कॉर्कला 1-14 विरुद्ध 1-11 असे हरवले होते. या लेखनपद्धतीत पहिला आकडा गोलांचा आणि दुसरा एकेरी गुणांचा असतो, म्हणजे 17 विरुद्ध 14. रक्षकाला, तोही इतक्या कोवळ्या वयात, हा मान मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. न झालेल्या गोलाची नोंद कुठेच होत नाही. ती ओळखायला पाहणाराही जाणता लागतो, आणि आयर्लंडमध्ये असे जाणते प्रेक्षक गावोगाव आहेत.

सुरुवातीची अनेक वर्षे तो बचावाच्या पुढच्या फळीत डाव्या बगलेला, सात क्रमांकाच्या जागी खेळला. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू डोक्यावरून खाली येताना अनेक हात आणि काठ्यांच्या गर्दीतून एका हाताने झेलायचा असतो, आणि तो झेलला की लगेच वळून पुढे पाठवायचा असतो. कारकिर्दीच्या उत्तरार्धात कोडी यांनी त्याला गोलासमोर, तीन क्रमांकावर, फुल-बॅक म्हणून उभे केले. या दोन जागांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. बगलेच्या रक्षकाला चुकीची भरपाई करायला पाठीमागे माणसे असतात. फुल-बॅकच्या पाठीमागे गोलरक्षक आणि जाळे एवढेच उरते. दोन्ही जागांवर देशातला सर्वोत्तम ठरण्याइतका तो खेळला, आणि माझ्या मते त्याच्या मोठेपणाचा सर्वात भक्कम पुरावा हाच आहे.

2006 चे पदक त्याला मैदानाबाहेर बसून मिळाले. अंतिम सामन्याच्या तोंडावर सरावात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. कॉर्कला सलग तिसरे अजिंक्यपद मिळू न देता किल्केनीने तो सामना 1-16 विरुद्ध 1-13 असा जिंकला, पण डिलेनी त्यात नव्हता. अशा दुखापतीनंतर झटकन वळण्याची, एका पायावर शरीर तोलून लांब पोहोचण्याची ताकद अनेकांना परत मिळत नाही. याला ती मिळाली. 2008 मध्ये वॉटरफर्डविरुद्धच्या अंतिम सामन्यात किल्केनीने 3-30 विरुद्ध 1-13 असा, म्हणजे तब्बल 23 गुणांनी विजय मिळवला. त्या दिवसाची चर्चा आघाडीच्या फळीभोवती फिरली हे स्वाभाविकच होते. पण प्रतिपक्षाला संपूर्ण सामन्यात 16 गुणांवर रोखणे हेही कुणाच्या तरी हातांचे काम असते, आणि त्या हातांकडे मी नेहमी आधी पाहतो.

आता ज्या एका क्षणासाठी मी ही काठी मागवली तो सांगतो. 2014 चा अंतिम सामना किल्केनी आणि टिपररी यांच्यात 7 सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्कवर झाला आणि 3-22 विरुद्ध 1-28, म्हणजे 31-31 असा बरोबरीत सुटला. दोन्ही बाजूंच्या बचावाची त्या दिवशी दाणादाण उडाली होती. 27 सप्टेंबरला सामना पुन्हा खेळवला गेला आणि किल्केनीने तो 2-17 विरुद्ध 2-14, म्हणजे 23-20 असा जिंकला. दोन्ही संघांचे मिळून 62 गुण झाले होते ते तीन आठवड्यांत 43 वर आले, यावरून दोन्हीकडच्या रक्षकांनी मधल्या काळात किती मेहनत घेतली असेल याची कल्पना येते. या दुसऱ्या सामन्यात टिपररीचा शेमस कॅलनन हा त्या काळातला अत्यंत धोकादायक आघाडीपटू गोलाच्या दिशेने मोकळा सुटला. त्याने फटका मारण्यासाठी काठी मागे नेली. मागून धावत आलेल्या डिलेनीने हात पूर्ण लांबवला, आणि कॅलननची काठी पुढे येण्याच्या नेमक्या क्षणी स्वतःच्या काठीचे टोक तिच्या वाटेत घातले. फटका तिथेच मेला. अंगाला धक्का लागला नाही, पंचाची शिट्टी वाजली नाही, चेंडू नुसता निसटून गेला. ज्या सामन्याचा निकाल तीन गुणांनी लागला, त्यात एक अख्खा गोल असा वाचला होता. किल्केनीच्या जर्सीतला तो डिलेनीचा अखेरचा सामना ठरला, आणि त्याच्या कारकिर्दीतला सर्वाधिक आठवला जाणारा क्षणही तोच राहिला.

या कौशल्याला हूक म्हणतात. मी मुलामुलींना हॉकी शिकवतो, आणि हॉकीत प्रतिस्पर्ध्याच्या काठीला काठी लावणे हा सरळसरळ फाउल आहे. त्यामुळे हूक प्रथम पाहिला तेव्हा माझे सर्व लक्ष त्याच्या शिस्तीकडे गेले. त्यात ताकदीला फार वाव नाही. रक्षक एक पाऊल मागे पडलेला असतो, चेंडूपर्यंत तो पोहोचणार नाही हे त्यालाही ठाऊक असते, म्हणून तो चेंडूचा नाद सोडतो आणि फटक्याच्या कमानीतला एकच बिंदू गाठतो. लवकर हात टाकला तर फटका मारणारा थांबतो, बगल देऊन निघून जातो. उशीर झाला तर काठीऐवजी त्याच्या मनगटावर वार बसतो आणि फ्री जाते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मोकळा फटका मिळतो. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूचा पाय पुढे येईपर्यंत श्वास रोखून वाट पाहतो, तीच सबुरी इथेही लागते. आणि ही सबुरी दाखवायची असेल तर हातातल्या काठीवर पूर्ण भरवसा असावा लागतो, कारण ती त्या वेळी एकाच हाताने, मुठीच्या अगदी शेवटच्या टोकाला धरलेली असते.

म्हणून मी पहिली पाहणी तोलाची केली. आमच्या हर्लीचे वजन घरच्या काट्यावर 600 ग्रॅमच्या थोडे आत भरले. हे वजन फार वाटत नाही, परंतु एका हाताने काठीचे टोक पूर्ण लांबवून धरले की मनगटाला ते लगेच जाणवते. या काठीची दांडी मुठीजवळ भरीव आहे, मध्ये हळूहळू निमुळती होत जाते आणि तळाशी पसरून रुंद पातीत रूपांतरित होते. पातीची रुंदी नियमानुसार 13 सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. आमची त्याहून बरीच कमी आहे. पात रुंद ठेवली तर चेंडू सहज लागतो, पण टोक जड होते आणि हूकला लागणारी झेप मंदावते. या कारागिराने पात आटोपशीर ठेवून भार दांडीकडे राखला आहे. रक्षकासाठी काठी हवी आहे असे मी मागणीच्या पत्रात स्पष्ट लिहिले होते; त्याने ते वाचून काम केले याची खूण मला या तोलात दिसली. लांबीच्या बाबतीतही तसेच. आघाडीचे खेळाडू हल्ली 33 किंवा 34 इंची काठीकडे वळताना दिसतात, कारण गर्दीत ती लवकर फिरते. रक्षकाला मात्र तो एक-दोन इंचांचा जादा पल्ला उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट लाकडाच्या रेषांची. हर्लीसाठी ॲशच्या खोडाचा अगदी तळचा, मुळांकडे पसरत जाणारा सुमारे मीटर-सव्वामीटर भाग वापरतात. तिथे लाकडाच्या रेषा स्वतःच वळलेल्या असतात, आणि काठीची पात त्या वळणावरच कोरली जाते. त्यामुळे दांडीतून निघालेली रेषा न तुटता थेट पातीच्या टोकापर्यंत वळत जाते. आमची काठी उन्हात तिरपी धरली की या रेषा एकीच्या शेजारी एक वळताना स्वच्छ दिसतात. याचे महत्त्व आम्हाला प्रत्यक्षात पटले ते असे. जोडीने सराव करायला दुसरी काठी हवी होती, म्हणून ओळखीच्या एका सुताराकडून सागाच्या फळीतून हुबेहूब तसाच आकार करून घेतला. दिसायला ती अतिशय देखणी झाली होती, पॉलिशही झकास होते. काही दिवसांतच ती पातीच्या वळणावर चिरली, कारण फळीतल्या रेषा सरळ होत्या आणि आकार वळणदार होता. वळणाच्या जागी लाकडाला धरून ठेवणारे काहीच नव्हते. सुताराच्या हातात दोष नव्हता. हे काम झाडानेच अर्धे करून ठेवावे लागते.

या झाडावरच सध्या संकट आहे, आणि ग्राहकाने ते समजून घेतले पाहिजे. ॲशची झाडे शेंड्याकडून वाळवत नेणारा बुरशीजन्य रोग 2012 मध्ये आयर्लंडमध्ये प्रथम आढळला आणि तेव्हापासून सर्वत्र पसरला. हर्लीसाठी लागणारे लाकूड बाहेरच्या देशांतूनही आणावे लागते, आणि बांबूच्या व कृत्रिम साहित्याच्या हर्ली आता वरिष्ठ सामन्यांतही दिसतात. कृत्रिम काठ्या एकसारख्या निघतात, पावसाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही आणि त्या जास्त टिकतात, हे त्यांचे गुण मान्य केलेच पाहिजेत. तरीही एक काठी दुसरीवर आदळल्यावर जो झटका मनगटात येतो तो ॲशचे लाकूड वाटेतच शोषून घेते. हूक आणि ब्लॉक, म्हणजे समोरून येणारा फटका काठी आडवी घालून अडवणे, हेच ज्याचे रोजचे काम आहे त्याच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे, आणि म्हणून दर वाढलेला असूनही मी लाकडाचीच निवड केली.

मैदानावरच्या अनुभवाकडे येतो. आमचा सराव गंगापूर रोडच्या बाजूच्या एका मैदानावर चालतो. पावसाळा संपता संपता तिथे गवत असते आणि तेवढे दिवस हर्लीला अगदी पोषक असतात. दिवाळीनंतर गवत वाळते, खालचा मुरूम उघडा पडतो आणि चेंडू जमिनीवरून उचलताना पातीचे टोक त्या खड्यांवर घासले जाते. आयर्लंडच्या ओलसर हिरवळीसाठी घडवलेल्या वस्तूला हे मानवत नाही. पातीच्या खालच्या कडेला बारीक कुसळे निघू लागली तेव्हा आम्ही कानशीने कड साफ करून जवसाचे तेल चोळले. इथली उन्हाळ्यातली कोरडी हवा लक्षात घेता तेलाचा हात अधूनमधून द्यावाच लागेल, आणि काठी गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून चालणार नाही. मैदान कडक झाल्यावर जमिनीवरचा चेंडू उचलण्याचा सराव आम्ही थांबवला आणि हवेतला चेंडू, ब्लॉक व हूक एवढ्यावरच भर दिला. बचाव शिकायचा असेल तर एवढे पुरते.

पातीभोवती पत्र्याची एक पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते, जेणेकरून टोक दुभंगू नये. आमच्या काठीची पट्टी एका बाजूने उचकटलेल्या अवस्थेतच आली होती. प्रवासात दाब पडला असावा. ती घेऊन मी जुन्या नाशकातल्या तांबट आळीत गेलो. तिथल्या एका वयस्कर कारागिराने काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, अंगठ्याने पट्टीची कड दाबली आणि म्हणाला, "सर, त्याच भोकात खिळा मारला तर धरणार नाही. एक सूत खाली सरकवून घेऊ." त्याने पट्टी सोडवली, कडेची धार लाकडी हातोडीने मारून आत वळवली, नव्या जागी बारीक छिद्रे पाडली आणि मगच खिळे ठोकले, तेही समोरासमोर न येतील असे आलटूनपालटून, म्हणजे लाकूड एकाच रेषेत फाटू नये. "हे खेळायचं आहे ना? मग कडेला बोट लागलं तरी कापता कामा नये," असे म्हणून त्याने संपूर्ण पट्टीवरून स्वतःचे बोट फिरवून पाहिले. तेव्हापासून ती पट्टी हललेली नाही. नाशिकमध्ये कोणी हर्ली मागवली तर दुरुस्तीची चिंता करण्याचे कारण नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

हॉकीच्या मुलांना ही काठी कितपत जमते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. अडचण मुठीची आहे. हॉकीत डावा हात वर असतो, मग खेळाडू उजखोरा असो की डावखोरा. हर्लिंगमध्ये जोराचा हात वर ठेवायला शिकवतात, कारण झेलताना, हूक करताना काठी त्या एकट्या हातात राहते. हॉकीत काठीची एकच सपाट बाजू वापरायची असते, इथे दोन्ही बाजूंनी फटका मारता येतो. ही सवय बदलायला मोठ्या मुलांना जड गेले आणि लहानांनी ती चटकन उचलली. एका मुलीला, जी आमच्या संघात बचावात खेळते, हूकचा सराव देत होतो. समोरची मुलगी चेंडू वर टाकून फटका मारणार आणि हिने एक पाऊल मागून अडवायचे. दोनदा उशीर झाल्यावर तिने विचारले, "सर, मी तिच्या काठीकडे बघू की चेंडूकडे?" मी म्हणालो, "चेंडू तिचा आहे, तो तिला बघू दे. तू तिचे हात बघ." त्यानंतर तिचा हात वेळेवर पडू लागला. पुढे तिच्या हॉकीतही फरक दिसला. समोरच्या खेळाडूच्या खांद्यांवरून आणि मनगटांवरून फटक्याचा अंदाज घेण्याची तिची नजर तयार झाली, आणि काठीला काठी न लावता योग्य जागी आधीच जाऊन उभे राहणे तिला जमू लागले. डिलेनीचे सामने मी या मुलांना दाखवतो ते याच कारणासाठी. तो धावत सुटलेला क्वचितच दिसतो. तो बहुतेक वेळा आधीच तिथे असतो.

स्लिटरबद्दल थोडक्यात लिहितो. चामड्याचे दोन तुकडे शिवून वर उठावदार कडा ठेवलेला हा चेंडू 110 ते 120 ग्रॅम वजनाचा आणि साधारण 7 सेंटिमीटर व्यासाचा असतो. क्रिकेटच्या चेंडूहून तो हलका आहे, पण म्हणून कोणी त्याला कमी लेखू नये; काठीवरून सुटताना त्याचा वेग भयानक असतो. आमचे चेंडू उत्तम निघाले, शिवण अजून पक्की आहे, फक्त मुरमामुळे चामड्याचा रंग पार उडाला. शिकाऊ मुलांसाठी हे चेंडू वापरू नयेत. सुरुवात मऊ चेंडूनेच करावी. शिरस्त्राणाबाबतही तडजोड नको. आयर्लंडमध्ये 2010 पासून चेहऱ्याच्या जाळीसह शिरस्त्राण सर्वांना सक्तीचे आहे आणि त्यासाठी आय. एस. 355 हे तिथले स्वतंत्र मानक आहे. आम्ही क्रिकेटची शिरस्त्राणे घालून फक्त संथ गतीचा सराव केला. ती या खेळासाठी बनवलेली नाहीत, आणि पूर्ण वेगाचा खेळ मी मुलांना त्यांवर खेळू देणार नाही.

आता तक्रारी. काठीची मूळ किंमत 35 युरोच्या आसपास होती; पाठवणावळ आणि सीमाशुल्क मिळून ती दुपटीच्याही पुढे गेली. एकच काठी मागवणे आर्थिकदृष्ट्या मुळीच परवडत नाही. विक्रेत्याने पार्सलसोबतच्या कागदावर वस्तूचे वर्णन इतके त्रोटक लिहिले होते की ती नेमकी काय आहे याचा खुलासा मला कुरिअर कंपनीला पुन्हा पुन्हा पाठवावा लागला, आणि पार्सल तोवर अडकून पडले. खेळाचे साहित्य, लाकडी, प्रक्रिया केलेले, असे सविस्तर लिहून देण्याची विनंती मागणी नोंदवतानाच करावी. वेष्टन निव्वळ पुठ्ठ्याचे होते. इतक्या लांबच्या प्रवासासाठी पातीला वेगळे संरक्षण द्यायला हवे होते, ते दिले असते तर पट्टी उचकटली नसती. मुठीवर गुंडाळलेली ग्रिप थंड हवेसाठी ठीक असेल, आपल्याकडच्या घामाने ती गुळगुळीत झाली. ती काढून आम्ही कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून टेनिसच्या रॅकेटवर चढवतात तशी घाम शोषणारी ग्रिप आणून गुंडाळली आणि हा प्रश्न मिटला. विक्रेत्याच्या पत्रव्यवहाराबद्दल मात्र चांगलेच बोलावे लागेल. माझी उंची, कोणता हात जोराचा, कोणत्या जागी खेळणार, मैदान कसे आहे, हे सर्व त्याने विचारले आणि पट्टीबद्दल कळवल्यावर पुढच्या मागणीत जादा पट्ट्या विनामूल्य पाठवण्याचे मान्य केले.

ही काठी कोणी घ्यावी? केवळ दिवाणखान्यात टांगायला घेणार असाल तर घेऊ नका. रोगामुळे दुर्मीळ होत चाललेल्या झाडाचे लाकूड आहे, ते खेळात झिजले पाहिजे. हॉकीच्या प्रशिक्षकांनी, विशेषतः बचावाची फळी घडवणाऱ्यांनी, जोडीने सराव करता येईल एवढ्या काठ्या एकत्र मागवाव्यात, म्हणजे पाठवणावळ विभागली जाते. प्रौढांना 35 इंच, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना 32 ते 33 इंच योग्य ठरतील. मागणी साधारण मे महिन्यात नोंदवावी, कारण पार्सल अडकले तरी पावसाळ्यानंतरच्या गवताच्या दिवसांपर्यंत ते हाती येते. मी स्वतः या वर्षी मुलींसाठी 33 इंची काठ्यांची जोडी आणि प्रत्येक काठीमागे एक जादा पट्टी मागवणार आहे, आणि मागणीच्या पत्रात या वेळीही पहिल्या ओळीत लिहिणार आहे की या काठ्या रक्षकांसाठी हव्या आहेत.